पुसदचे गवत आणि शिक्षेचा हिशेब
गुन्हा करणारा माणूस मिळकत, पकडले जाण्याची शक्यता आणि शिक्षा यांचा हिशेब करतो, असे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये मांडले. राखीव जंगलातून रातोरात भारा पळवणाऱ्याला हा हिशेब चपखल लागू पडतो: चारा हवा, पैसा नाही, रखवालदार दूर. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदला १० जुलै १९३० रोजी स्वातंत्र्यलढ्यातले नेते लोकनायक बापूजी अणे यांनी सत्याग्रह म्हणून राखीव जंगलातले गवत कापले, तेव्हा हाच हिशेब पार उलटला. कायदेभंग आधी जाहीर केलेला, म्हणजे अटक ठरलेलीच. आणि हाती काय, तर विळ्याने कापलेले मूठभर गवत! यावर कोणी म्हणेल, मान आणि स्वराज्य हाही लाभच की. मला हे पटत नाही. तुरुंगवासही लाभाच्या रकान्यात बसत असेल, तर कुठलेही कृत्य ‘हिशेबी’ ठरेल आणि सिद्धांत काहीच सांगणार नाही. शिक्षेचा धाक चालतो तो कायदा न्याय्य वाटतो तोवर, किंवा चोरी लपवायची असते तोवर. पुसदच्या सत्याग्रहींना काहीच लपवायचे नव्हते. त्यांच्यापुढे दंड वाढवून सरकारला काहीही साधणार नव्हते. बदलायला हवा होता तो जंगलाचा कायदा.