श्वानाचे कुळशील



कुळशील हा शब्द आपण सोयरीक जुळविताना वापरतो. कुळ म्हणजे घराणे, शील म्हणजे स्वभाव. माणसाने कुत्रा कसा घडविला याचा इतिहास हा वस्तुतः या दोन शब्दांचाच इतिहास होय. जोवर माणूस शील आणि अंगातील कस पाहून कुळ वाढवीत होता, तोवर हा प्राणी धडधाकट राहिला. केवळ रूप पाहून निवड होऊ लागली, तेव्हापासून त्याची दैना सुरू झाली.

ही सोबत आपल्या भूमीत फार जुनी आहे. १९७४ साली अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद या ताम्रपाषाणयुगीन स्थळी ब्राँझचा एक रथ सापडला. रथाला बैलजोडी आहे, रथात माणूस उभा आहे आणि त्याच्यापुढे दांडीवर एक लहानसा कुत्रा उभा आहे. त्या अनाम कारागिराला कुत्र्यावाचून रथ पुरा वाटला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दख्खनच्या शिकारी कुत्र्याला महाराष्ट्रात कारवान म्हणतात, तर कृष्णेपलीकडे तो मुधोळ म्हणून ओळखला जातो. मुधोळ हे घोरपड्यांचे मराठी संस्थान. आज ते कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेरड आदी शिकारी लोकांजवळचे चपळ कुत्रे पाहिले, त्यांतील उत्तम नर-मादी निवडून पैदास केली आणि एक जोडी इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज यांस नजर केली, असे सांगतात. परंतु राजाच्या आधीच माळरानाने निवड केलेली होती. सशामागे ज्याचा दम टिकत नाही किंवा जो घरच्याच माणसावर उलटतो, त्याचा वंश शिकारी कशाला वाढवील? ती परीक्षा कठोर होती खरी, पण खोटी नव्हती. २००५ साली टपाल खात्याने या कुत्र्याचे तिकीट काढले आणि २०१६ साली सैन्याने त्याची पिल्ले मेरठला शिक्षणासाठी नेली.

युरोपात याच्या उलट घडले. १८५९ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे श्वानांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले. पुढे वंशावळीच्या वह्या आल्या आणि बक्षीस कामाला न मिळता नाकाडोळ्यांना मिळू लागले. चपट्या तोंडाचा पग हे याचे उदाहरण. कुत्र्याला घाम फारसा येत नाही. धापा टाकून तो अंगातील उष्णता बाहेर टाकतो. नाकच आखूड केल्यावर त्याने श्वास घ्यावा कसा? २००३ सालच्या एका मोबाइलच्या जाहिरातीनंतर हाच पग आपल्याकडे घरोघर आला.

स्वभावही रक्तातून उतरतो, याचा पडताळा रशियात आला. १९५९ साली बेल्याएव या शास्त्रज्ञाने कोल्ह्यांतील केवळ माणसाळलेले तेवढे निवडून पैदास सुरू केली. थोड्याच पिढ्यांत ते कोल्हे माणसाला पाहून शेपूट हलवू लागले. शील निवडता येते, हे यातून सिद्ध झाले. मग चावरी मादी केवळ दाम चांगला येतो म्हणून वाढविणाऱ्याला दोष का देऊ नये?

आपण सगोत्र विवाह वर्ज्य मानतो. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र शुद्ध रक्ताच्या नावाखाली बाप-लेक, भाऊ-बहीण यांचा संकर होतो आणि लपलेले दोष वर येतात. मुधोळसारख्या मोजक्या वंशाला तर हा धोका अधिकच आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनी दीड वर्षाखालील कुत्र्यांची पैदास आणि आठ आठवड्यांखालील पिल्लांची विक्री यांस मनाई केली. यामागचे कारण उघड आहे: आईजवळ आणि भावंडांत राहूनच पिल्लू दात किती लावावा हे शिकते.

आज कुंभिवलीपासून कर्जतपर्यंत फार्महाऊसे उठली आहेत. राखणीला कुत्रा हवा, हे रास्तच आहे. पण बर्फातील केसाळ कुत्रा खालापूरच्या वैशाखात बांधून ठेवणे हा शौक नव्हे, छळ होय. पिल्लू घेताना त्याची आई पाहावी, तिचा स्वभाव पाहावा, वंशातील दुखणी विचारावीत. विकणारा आई दाखवीत नसेल, तर रिकाम्या हाताने परतावे. गिऱ्हाईक शील मागू लागेल, तेव्हाच पैदास करणारा शील देईल.