राबाची फांदी



ठाणे स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की कोपरी लागते. आज तिथे घराला घर लागलेलं आहे. पण घटकाभर त्या इमारती नजरेआड करा. समोर खाडी, खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर, पाठीशी येऊरचा डोंगर. खाडीकाठी आगरी-कोळ्यांची गावं, सखल जागी भाताची खाचरं, डोंगरउतारावर वरकस जमीन. जुन्या ठाणे जिल्ह्याची शेती अशी होती. या शेतीत भाताइतकीच मोलाची, पण आपण सहसा विसरतो अशी एक गोष्ट होती. ती म्हणजे झाड. आज त्या झाडाची हकीकत सांगायची आहे.

राब तुम्हांला ठाऊक आहेच. भाताचं रोप करायची जागा भाजून काढायची. खाली शेण, त्यावर ऐनासारख्या झाडाच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर वाळलेलं गवत नि पालापाचोळा, आणि वरून बारीक माती. उन्हाळ्यात तो पेटवायचा, तोही भडकू न देता, हळूहळू. तणाचं बी जळे, माती मोकळी होई, राखेतून रोपाला खाद्य मिळे. मृग बरसला की त्या जागी बी पडे. पुढे लावणी. म्हणजे भात पिकायचं खाचरात, पण त्याची तयारी व्हायची वरकसावरच्या झाडाच्या फांदीपासून! शेतकरी झाड तोडत नसे. फांद्या छाटी, पुन्हा फुटू देई. झाड हे त्याचं खताचं कोठार होतं.

मग काळ बदलला. १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी आली. मुंबई वाढू लागली. तिला बांधकामाला लाकूड हवं, चुलीला सरपण हवं, कोळसा हवा. ते ठाणे जिल्ह्याच्या जंगलांतून जाऊ लागलं. १८७८ साली इंग्रज सरकारने जंगलचा कायदा केला. रानं राखीव झाली, फांदी छाटायला नियम आले. सरकारचं म्हणणं असं, की राबामुळे जंगलाचा नाश होतो. शेतकऱ्याचं म्हणणं असं, की राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर भात नाही. तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशी कमिशन नेमावं लागलं. ठाणे नि कुलाबा या जिल्ह्यांची गाऱ्हाणी त्याच्यापुढे आली आणि १८८७ साली त्याचा अहवाल झाला. गरीब कुळाच्या राबाची एवढी मोठी चौकशी व्हावी, यावरूनच फांदीची किंमत ओळखा.

यातला बोध आपण ध्यानात घेतला पाहिजे. झाड ज्याच्या हक्काचं, तोच ते राखतो. उद्या हे झाड आपल्याला छाटता येणार नाही, अशी भीती असली, की शेतकरी उगवतं रोपच उपटून टाकतो. त्यात त्याचा दोष काय?

आता तुम्ही म्हणाल, ही जुनी कथा आज कशाला? कारण पाऊस बिघडला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ या काळाच्या नोंदी तपासल्या. मध्य भारताच्या रुंद पट्ट्यात, दूरवर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढलेले दिसले. २०१९ साली तर दिवाळीच्या सुमारास, कापणीच्या वेळी पाऊस आला आणि कोकणात उभं भात आडवं झालं. ज्याची सगळी भिस्त दोन-चार खाचरांवर, त्याने अशा वर्षी खावं काय?

इथे झाड पुन्हा कामाला येतं. फक्त रीत थोडी बदलायची. जुनी फांदी आपण जाळत होतो. आता ती चिखलात गाडायची. कोकणात कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी भातशेतीची चारसूत्री पद्धत मांडली. तिच्यातलं एक सूत्र हेच आहे. गिरिपुष्पाची खुंटं पावसाच्या सुरुवातीला बांधावर लावायची. झाडं वाढली, की लावणीआधी आठवडाभर त्यांचा कोवळा पाला गुंठ्याला सुमारे ३० किलो या हिशेबाने खाचरात पसरून चिखलात मिसळायचा. तो लवकर कुजतो, नत्र देतो, मातीत ओल धरून ठेवतो. मुळं बांध आवळून धरतात. वेळेवर छाटणी केली, की भाताला सावलीही पडत नाही.

वरकस जमिनीसाठी दुसरी तोड आहे. जव्हारचा डोंगराळ मुलूख २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, आता तो पालघरात आहे. तिथे बाएफ संस्थेने आदिवासी कुटुंबांबरोबर वाड्या उभ्या केल्या. आत आंबा आणि काजू, कडेने कुंपणासारखी रानझाडं, ओळींच्या मधल्या जागेत नागली किंवा भाजी. भात गेलं तर काजू हाताशी, काजू गेला तर सरपण नि चारा. सगळं एकाच वेळी जात नाही.

पण सगळी झाडं एकाच जातीची लावू नका बरं का! ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं आणि रायगडात नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसात झोपल्या. बागायतदाराची पुष्कळ वर्षांची मेहनत गेली. म्हणून जाती मिसळा. उंच-बुटकी, लवकरची-उशिराची झाडं एकत्र असू द्या.

हक्काची गोष्टही विसरू नका. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याने ऐन, सागवान, आंबा अशी झाडं स्वतःच्या शेतातलीसुद्धा परवानगीवाचून तोडता येत नाहीत. म्हणून तोडीआधी विचारून घ्या. २०१४ साली केंद्र सरकारने शेतीतल्या झाडांचं राष्ट्रीय धोरण केलं. शेतकऱ्याने लावलेल्या झाडाच्या तोडीचे नि वाहतुकीचे नियम सोपे व्हावेत, असं त्यात म्हटलं आहे. ते गावापर्यंत कितपत पोचलं, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

गुरुजनांना एक विनंती. मुलांना आपापल्या आजोबांकडे पाठवा. आपल्या बांधावर पूर्वी कोणती झाडं होती, राबाला फांदी कुठून येई, हे लिहून आणायला सांगा. ती यादी शाळेत लावून ठेवा. येत्या पावसाळ्यात बांधावर काय लावायचं, हे पुष्कळसं त्या यादीतूनच कळेल.