पहारा हातावर होता

संवादाचा इतिहास लिहिणारे बोली, लिपी, छापखाना, तार आणि आता मोबाईल अशी मांडणी करतात. माणसाचे शरीर त्यात कुठे येत नाही. आपल्याकडे मात्र जातिव्यवस्थेने आपले म्हणणे मुख्यतः शरीराकरवीच सांगितले. किती अंतरावर थांबायचे, जोहार घालताना किती वाकायचे, कशाला हात लावायचा नाही. माझे आजोबा वाड्यासमोरून जाताना पायताण हातात घेत. त्यांना तसे कुणी बोलून सांगावे लागत नसे.

१९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. मुलूख निजामाचा, दिवस रमजानचे. अंगावर प्रवासाची धूळ, म्हणून काहींनी दरवाजाबाहेरच्या तळ्यावर हातपाय धुतले. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान तळे बाटवले म्हणून ओरडत आला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. तुमचा धर्म हेच शिकवतो काय, उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही अडवाल काय, असे बाबासाहेबांनी विचारले. उत्तर कुणाजवळच नव्हते. अखेर आत सोडले ते एका अटीवर: किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही. त्यासाठी सोबत हत्यारबंद शिपाई दिला.

येथे एका धर्माकडे बोट दाखवून मोकळे होता येणार नाही. जातीचा रोग धर्माची वेस ओलांडून गेला होता. बाबासाहेब तोवर लंडनच्या गोलमेज परिषदांत बोलून आले होते. तेथे त्यांचे शब्द ऐकले गेले. दौलताबादला पहारा त्यांच्या जिभेवर नव्हता, हातावर होता.

महाडची गोष्टही हीच. परिषदेत भाषणे झाली, ठराव झाले. पण सवर्ण हादरले ते २० मार्च १९२७ रोजी माणसे चालत चवदार तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली तेव्हा. त्या ओंजळीचा अर्थ त्यांना नेमका कळला होता. म्हणून तर पुढे तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली.

२६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले, सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. त्याच वर्षी औरंगाबादेत, दौलताबादपासून काही मैलांवर, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, तेच पुढचे मिलिंद. जोहाराची जागा 'जय भीम'ने घेतली. त्यासाठी कंबर वाकवावी लागत नाही.

आज माझ्या वर्गातल्या मुलांच्या मोबाईलवर सगळ्या जातींच्या मित्रांचे निरोप येतात-जातात. पण गावातल्या लग्नात कोण कोणत्या पंगतीला बसते, वाढणाऱ्याचा हात किती उंचावर थांबतो, असे विचारले की वर्ग गप्प होतो.