भिंतीवर आपटलेले आयन

मास स्पेक्ट्रोमीटर बांधणाऱ्याला पूर्वी एका गोष्टीची कायम धास्ती असे. ती म्हणजे यंत्राची आतली भिंत. हे यंत्र म्हणजे रेणूंचा तराजू. रेणूला विद्युतभार देऊन त्याचा आयन करायचा, निर्वात नळीतून धाडायचा आणि विद्युत वा चुंबकीय क्षेत्रात तो किती वळतो यावरून त्याचे वजन ताडायचे. केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांनी या तंत्राचा पाया घातला आणि १९१९ मध्ये त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनी त्याला नेमकेपणा आणला. पण वाटेत आयन भिंतीवर आपटला, की त्याचा भार गेला आणि तो हिशेबातून बाद झाला. म्हणून सगळी धडपड असे ती त्याला कशालाही न शिवू देण्याची.

मात्र नुसत्या वजनावरून रेणूची घडण कळत नाही. त्यासाठी तो फोडून तुकडे पाहावे लागतात. आयनांना विरळ वायूतून नेऊन धडका देण्याची रीत होतीच. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहम कुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये सरळ प्रश्न केला : भिंतीवरच का आपटू नये? त्यांनी आयनांना काही दशक इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देऊन धातूच्या पृष्ठभागावर सोडले. रासायनिक बंध तोडायला साधारण तीन ते पाच इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, तेव्हा रेणू फुटणार हे उघड होते. तसे ते फुटलेही.

पण तुकड्यांमध्ये काही पाहुणे निघाले. मूळ आयनात नसलेला एखादा हायड्रोजन, एखादा मिथिल गट त्यांना चिकटून आलेला. पोलादावर हे आले कुठून? पोलाद स्वच्छ नव्हतेच. निर्वात पंपाच्या तेलाची आणि इतर हायड्रोकार्बन पदार्थांची अदृश्य पुटे त्यावर बसलेली होती. आयन त्या मळातून अणू ओरबाडून परत येत होते. धडक म्हणजे केवळ मोडतोड नव्हे, रासायनिक अभिक्रियाही आहे, हे या मळाने दाखवले. मला या साऱ्या हकिगतीत हाच भाग सर्वात आवडतो.

मग भिंत मुद्दाम घडवण्यात आली. सोन्यावर लांबट रेणूंचा एकच थर, गवतासारखा उभा, आणि टोकांना फ्लोरिन. या गवतावर झेनॉनचे आयन सोडले, तेव्हा काही जण फ्लोरिनचा अणू उचलून परतले. झेनॉन म्हणजे कोणाशी संयोग न पावणारा वायू, असे १९६२ पर्यंत पुस्तकांत शिकवले जात होते! नव्वदच्या दशकातल्या या प्रयोगांत टी. प्रदीप होते. पुढे त्यांनी चेन्नईच्या आयआयटीत बर्फाच्या पातळ थरांवर आयन सोडून या विषयाचा पाठपुरावा केला.

वेग आणखी कमी केला तर? मग आयन न फुटता थरात अलगद रुततो. याला 'सॉफ्ट लँडिंग' म्हणतात. २०२३ मध्ये चांद्रयानामुळे हा शब्द आपल्या घरोघरी पोहोचला, पण कुक्स यांच्या प्रयोगशाळेने तो आयनांसाठी १९७७ सालीच वापरला होता. १९९७ मध्ये त्यांनी फ्लोरिनच्या थरात आयन अखंड बसवून दाखवले आणि पुन्हा बाहेरही काढले.

भिंतीवर आपटण्याचा मोठा उपयोग आज प्रथिनांसाठी होतो. पेशीत अनेक प्रथिने तीन-चारच्या जुडग्याने काम करतात. वायूत असंख्य बारीक धडका खाऊन असे जुडगे हळूहळू तापते. त्यातले एक प्रथिन उलगडून लोंबू लागते आणि एकटेच निसटते. मूळ जोडणी कशी होती ते त्यावरून कळत नाही. भिंतीवरची धडक मात्र एकच आणि क्षणार्धातली. उलगडायला सवडच मिळत नाही. ओहायो स्टेट विद्यापीठात विकी वायसॉकी यांच्या गटाने दाखवले, की अशा वेळी जुडगे जिथे सांधा कच्चा असतो तिथेच सुटते आणि घटक बरेचसे आपला आकार राखून बाहेर पडतात. चौघांच्या जुडग्यातून दोन जोड्या निघाल्या, तर ते मुळात दोन जोड्यांचे बनले होते असे अनुमान काढता येते.