साधन-वर्णन (कृत्रिम बुद्धिमत्ता)

साधन-वर्णन म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित एजंटाला उपलब्ध करून दिलेल्या साधनाचे (टूलचे) प्रयोजन, त्यास पुरवावयाची माहिती आणि त्याकडून मिळणारे उत्तर यांची लेखी ओळख होय. साधनाची अंतर्गत आज्ञावली एजंटाला सहसा दिसत नाही. नाव, वर्णन आणि निविष्टींची यादी यांवरूनच कोणते साधन केव्हा वापरावे हे तो ठरवतो. त्यामुळे वर्णनातील संदिग्धता चुकीच्या कृतीस कारणीभूत ठरू शकते.

पार्श्वभूमी

विशाल भाषा प्रारूपे मूलतः मजकूर निर्माण करतात. त्यांना बाह्य प्रणालींशी जोडण्याचे प्रयत्न पुढे वाढत गेले. २०२२ मध्ये मांडलेल्या 'रिॲक्ट' या पद्धतीत विचार आणि कृती आलटूनपालटून करण्याची कल्पना होती. जून २०२३ मध्ये ओपनएआयने 'फंक्शन कॉलिंग' ही सुविधा उपलब्ध केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हे साधनजोडणीचे खुले मानक जाहीर केले.

स्वरूप

साधनाच्या ओळखीत सामान्यतः तीन घटक असतात: नाव, गद्य वर्णन आणि निविष्टींचा आराखडा. आराखडा बहुधा 'जेसन स्कीमा' या पद्धतीने लिहिला जातो. प्रारूप साधनाचे नाव व निविष्टी सुचवते, प्रत्यक्ष कृती यजमान संगणकप्रणाली करते आणि निष्पत्ती पुन्हा प्रारूपाकडे पाठवते.

लेखनाची तत्त्वे

चांगल्या वर्णनात पुढील बाबी स्पष्ट असतात:

* साधन काय करते, केव्हा वापरावे आणि केव्हा वापरू नये;
* मिळत्याजुळत्या अन्य साधनांहून त्याचा वेगळेपणा;
* प्रत्येक निविष्टीचा अर्थ, एकक व लेखनपद्धती;
* रिकाम्या उत्तराचा आणि त्रुटीसंदेशाचा अर्थ;
* साधन केवळ माहिती वाचते की नोंदीत बदल करते.

शेवटची बाब विशेष महत्त्वाची आहे. रक्कम भरणे, अर्ज रद्द करणे यांसारख्या कृती सहजासहजी मागे घेता येत नाहीत. म्हणून त्यांपूर्वी वापरकर्त्याची संमती घेण्याची सूचना वर्णनात असणे इष्ट ठरते. तथापि केवळ सूचनेवर विसंबून न राहता संमतीची अट यजमान प्रणालीतही असावी लागते.

उदाहरण: कळंबोली

कार्यक्षेत्र स्पष्ट न केल्यास काय घडते, हे कळंबोलीच्या उदाहरणावरून समजते. सिडकोने विकसित केलेली ही वसाहत नवी मुंबईचा भाग म्हणून ओळखली जाते. मात्र तिचा जिल्हा रायगड आहे आणि ती १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत येते. येथील पोलीस ठाणे नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत आहे, तर वाहननोंदणीसाठी पनवेलचा एमएच-४६ हा संकेत लागू होतो. म्हणजे एकाच रहिवाशासाठी 'नवी मुंबई' हे उत्तर एका कामी बरोबर, तर दुसऱ्या कामी चूक ठरते.

समजा, एखाद्या साधनाचे वर्णन 'नवी मुंबईतील मालमत्ता कराची माहिती देते' एवढेच आहे. कळंबोलीच्या रहिवाशाने थकबाकी विचारल्यास एजंट नवी मुंबई महानगरपालिकेच्या नोंदी शोधेल, त्यास काही आढळणार नाही आणि 'थकबाकी नाही' असे चुकीचे उत्तर तो देऊ शकेल. त्यावर विसंबणाऱ्या नागरिकाची थकबाकी मात्र वाढत राहील. सुधारित वर्णन असे करता येईल:

'पनवेल महानगरपालिका क्षेत्रातील (उदा. कळंबोली, कामोठे, खारघर) मालमत्तेची कर-थकबाकी दाखवते. नवी मुंबई महानगरपालिका क्षेत्रासाठी (उदा. वाशी, नेरूळ) वापरू नये. मालमत्ता क्रमांक आवश्यक. तो ठाऊक नसल्यास वापरकर्त्यास विचारावा, अंदाज करू नये. "नोंद आढळली नाही" याचा अर्थ थकबाकी नाही असा होत नाही. या साधनाने कर भरला जात नाही.'

भाषिक बाबी

मराठी वापरकर्त्यांसाठीच्या साधनांत काही अडचणी विशेषत्वाने उद्भवतात. '७/१२' हा जमिनीचा उतारा आहे. संदर्भ नसल्यास ती तारीख समजली जाऊ शकते. क्षेत्रफळ गुंठ्यांत आहे की हेक्टर-आर पद्धतीत, हे सांगावे लागते. ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. देवनागरी अंक स्वीकारले जातात का, तसेच गावाचे नाव कोणत्या लिपीत द्यावे, हेही नमूद करणे आवश्यक असते. अनेक प्रारूपांत देवनागरी मजकुराचे इंग्रजीपेक्षा अधिक तुकडे पडतात. त्यामुळे मराठी वर्णन संदर्भमर्यादेतील अधिक जागा व्यापते.

सुरक्षितता आणि मर्यादा

वर्णन हा प्रारूपाने वाचलेलाच मजकूर असल्याने त्यात दडवलेल्या घातक सूचनांनी एजंटाची दिशाभूल करता येते. म्हणून अपरिचित स्रोतांकडील साधने तपासून घेणे आवश्यक असते. तसेच साधनांची संख्या फार वाढल्यास, वर्णने स्पष्ट असूनही निवड चुकू शकते. वर्णनाची पारख केवळ वाचून होत नाही. प्रत्यक्ष विचारले जातील असे प्रश्न देऊन योग्य साधन निवडले जाते का, हे पाहावे लागते.

हे सुद्धा पहा

* कृत्रिम बुद्धिमत्ता
* नैसर्गिक भाषा प्रक्रिया
* कळंबोली
* पनवेल महानगरपालिका