१७. ओट्झीच्या भात्यातले बाण
आल्प्समध्ये इटली-ऑस्ट्रिया सीमेलगतच्या बर्फात १९९१ साली सापडलेला हा माणूस सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. भात्यात १४ बाण होते. त्यांतले तयार फक्त २. माझ्या मते उरलेल्या १२ अर्धवट काड्याच अधिक मोलाच्या, कारण बाण टप्प्याटप्प्याने कसा घडत होता ते त्यांवरून कळते. बहुतेक काड्या व्हायबर्नम नावाच्या झुडपाच्या सरळ फुटव्यांच्या, ८५ सेंटिमीटरांच्या आसपास. फाडून काढलेल्या लाकडापेक्षा असा अखंड कोंब बाणाला फार चांगला: त्याचे तंतू टोकापर्यंत सलग जातात, म्हणून धनुष्यातून सुटताना वाकला तरी तो सहसा मोडत नाही. तयार बाणांना चकमकीच्या दगडाचे फळ आहे. मागे मधोमध चिरलेल्या पिसांच्या ३ पट्ट्या, भूर्जाच्या सालीपासून काढलेल्या डांबराने चिकटवून वर बारीक धाग्याचे वेढे दिलेल्या. एका बाणाची पिसे एकाच बाजूच्या पंखातली घेतात. डावी-उजवी मिसळली तर त्यांचे बाक परस्परविरुद्ध पडतात आणि बाण स्वतःभोवती नीट फिरत नाही. जवळचे यू लाकडाचे धनुष्यही अपुरेच होते. — संपादक