तोटा कोणाच्या पदरात?



सारीपाट आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. दान मनासारखे पडले की सोंगट्या धावतात. नाही पडले की शहाणा माणूसही हात चोळीत बसतो. बुद्धिबळात दैवाला असा वाव नाही. आज मी तुम्हाला ज्या खेळाची ओळख करून देणार आहे, त्यातही फासे नाहीत. पण त्यात राजा-वजीरही नाहीत. त्यात आहेत आगगाड्या, कंपन्या आणि शेअर, म्हणजे भाग. खेळाच्या निमित्ताने मला बोलायचे आहे ते मात्र इतिहासातल्या एका जुन्या प्रश्नाविषयी. धंद्यात तोटा आला तर तो सोसायचा कोणी?

फ्रान्सिस ट्रेशॅम या इंग्रज गृहस्थांनी १९७४ साली ‘१८२९’ नावाचा खेळ काढला. १८२९ हे स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ इंजिनाने रेनहिल येथील चाचणी जिंकल्याचे वर्ष. पुढे १९८६ साली त्यांचाच ‘१८३०’ हा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचा पट म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागाचा नकाशा. त्यावर आठ रेल्वे कंपन्या असतात. प्रत्येक कंपनीचे दहा भाग. सहा भाग खपले की कंपनी उभी राहते, आणि ज्याच्याजवळ सर्वांत अधिक भाग, तो तिचा अध्यक्ष. रूळ कोठे टाकायचे, गाडी कोणती घ्यायची, नफा भागधारकांना वाटायचा की तिजोरीत ठेवायचा, हे सारे तो ठरवतो. नफा वाटला की भागाचा भाव चढतो. राखून ठेवला की उतरतो. शेवटी मात्र कंपनी किती मोठी झाली हे कोणी विचारीत नाही. खेळाडूच्या स्वतःजवळची रोकड आणि त्याच्या भागांची किंमत, एवढेच मोजतात.

येथेच सगळी मेख आहे. कंपनीचे हित आणि अध्यक्षाचे हित एकच असते असे नाही!

हा धडा मी पुस्तकात वाचला होता, पण समजला तो हरल्यावर. गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने सुटीत हा पट मांडला. एका कंपनीचा तो अध्यक्ष. तिचे तीन भाग त्याच्याकडे, दोन माझ्याकडे. त्याने कंपनीची तिजोरी रिकामी होऊ दिली, नफा वाटून घेतला, आणि भाव चढा असताना आपले दोन भाग विकून टाकले. “मामा, अभिनंदन! आता अध्यक्ष तुम्ही,” असे म्हणून त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. मी खूश! पण पुढच्याच फेरीत दुसऱ्या एका कंपनीने नव्या जातीची गाडी घेतली, आणि नियमाप्रमाणे माझ्या जुन्या गाड्या मोडीत निघाल्या. कंपनीजवळ गाडी तर हवीच, आणि तिजोरीत दमडी नाही. अशा वेळी नियम सांगतो की, अध्यक्षाने पदरचे पैसे घालावेत. मी माझे चांगले भाग विकले आणि खेळातून जवळजवळ बादच झालो.

हा नुसता पोरखेळ नाही. खेळातल्या कंपन्यांत ‘ईरी’ आणि ‘न्यूयॉर्क सेंट्रल’ ही खरी नावे आहेत. १८६८ साली न्यूयॉर्क सेंट्रलचे धनी कॉर्नेलिअस व्हँडरबिल्ट यांनी ईरी रेल्वे ताब्यात घेण्यासाठी तिचे भाग विकत घेण्याचा सपाटा लावला. ईरीचे कारभारी डॅनिअल ड्रू, जे गूल्ड आणि जिम फिस्क यांनी काय केले? नवे भाग छापून बाजारात ओतले! व्हँडरबिल्ट घेत गेले, हे छापत गेले. अटकेचा हुकूम सुटताच तिघे पैसे घेऊन नदीपलीकडे जर्सी सिटीला पळाले. कायद्याचे प्रकरण पुढे विधिमंडळात निस्तरले गेले, आणि गूल्ड ईरीचे अध्यक्ष झाले. सामान्य भागधारकांच्या हाती उरले ते किंमत गेलेले कागद.

आता आपल्या घराकडे वळू. ट्रेशॅम यांनी १९८९ साली ‘१८५३’ नावाचा आणखी एक खेळ काढला. त्याचा नकाशा हिंदुस्थानचा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली उतारूंची गाडी गेली, ते हे साल. या खेळात शेअरबाजारापेक्षा रूळ टाकण्याच्या कामावर, रुंद आणि अरुंद मार्गांवर भर आहे. खंडाळ्याचा घाट ज्याने पाहिला आहे, त्याला हे पटेल. १८५६ ते १८६३ अशी सात वर्षे बोरघाटाचे काम चालले. पंचवीस बोगदे खोदले गेले. कॉलऱ्याने आणि तापाने मजूर किड्यामुंगीसारखे मेले. १८५९ साली थकलेल्या मजुरीवरून तेथे दंगाही झाला.

मग या रेल्वेतला तोटा कोणाचा? ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ कंपनीने १८४९ साली ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. जमीन फुकट, आणि भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी. उत्पन्न कमी पडले तर भरपाई हिंदुस्थानच्या तिजोरीतून व्हायची. त्या तिजोरीत सर्वांत मोठी भर होती शेतसाऱ्याची. हमीशिवाय विलायती भांडवल येणार नाही, असे तेव्हा सांगितले जाई, आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण हमी मिळताच काटकसरीची गरज उरली नाही. माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे कबूल केले की, पाच टक्के मिळत असता पैसा हुगळीत फेकला काय किंवा विटा-चुन्यात घातला काय, इंग्रज भांडवलदाराला सारखेच होते. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या ज्या ओघाविषयी कंठशोष केला, त्यात हे व्याजही होते.

रेल्वेने आपले भले केले नाही, असे मी म्हणत नाही. पण फरक पाहा. खेळात तोटा निदान अध्यक्षाच्या खिशाला लागतो. इतिहासात तो पटावर न बसलेल्या माणसाच्या पदरात पडला. कुणब्याला कोणी विचारले नव्हते, आणि हिशेबही दाखवला नव्हता.

तुमच्यापैकी पुष्कळजण सोसायटीचे किंवा साखर कारखान्याचे सभासद असतील. कंपनीत जितके भाग तितकी मते. सहकारात भाग कितीही असोत, मत एकच. हा पट तुमचा आहे. तेव्हा वार्षिक सभेला नुसते चहापुरते जाऊ नका. ताळेबंद मागून घ्या, आणि विचारा की, तोटा आला तर तो कोणाच्या नावे पडणार?

आणि गुरुजी, वर्गात महागडा पट नसला तरी अडत नाही. कागदाच्या दहा चिठ्ठ्या करा, एका मुलाला अध्यक्ष नेमा, आणि तिजोरी त्याच्या हाती द्या. कोण खातो, कोण विकतो आणि शेवटी कोण भरतो, हे मुलांनाच पाहू द्या. अर्थशास्त्राचे माझे तास त्यापुढे फिके पडतील!